प्लायच्या पोटातला युरिया

उसाला टाकायचा युरिया आणि टिंबर मार्केटमधून टेम्पोत चढणारं प्लाय यांचं नातं सख्खं आहे. ‘एमआर’ (मॉइश्चर रेझिस्टंट) शिक्क्याचं प्लाय, पार्टिकल बोर्ड, एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड), बरेचसे स्वस्त फ्लश डोअर, या सगळ्यांत लाकडाचे थर किंवा चुरा धरून ठेवतं ते युरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिन. कारखान्यातल्या बोलण्यात नुसतं ‘यूएफ’. (कारखान्यात जायला हवा तो टेक्निकल ग्रेडचा युरिया. शेतकऱ्याच्या अनुदानाचा, निंबोळी लावलेला युरिया उद्योगात वापरणं गुन्हा आहे.)

कोरडं असताना या रेझिनचा सांधा लाकडाला भारी पडतो. पटाशी घालून उचकटलात तर लाकूड फाटतं, गोंद सुटत नाही. आणि तेच प्लाय सिंकखालच्या कपाटात दोन पावसाळे काढलं की शिवण उसवलेल्या वहीसारखं पानंपानं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून ‘गोंद किती पक्का?’ असं विचारून दुकानात काही हाती लागत नाही. विचारायला हवं ते हे, की गोंद नीट शिजला होता का, आणि ओल व ऊब मिळाल्यावर तो उलटा फिरतो का.

गूळ, सरस आणि उकडलेलं अंडं

गुळाची ढेप तापवली की वितळते, गार झाली की पुन्हा घट्ट होते. हे कितीही वेळा करता येतं. जुने सुतार वापरायचे तो सरस याच जातीचा. गरम पाण्याच्या भांड्यात सरसाचं भांडं ठेवायचं, पातळ झाला की लावायचा, गार झाला की धरतो. पुन्हा वाफ दिली की सांधा सुटतो. जुनी खुर्ची दुरुस्त करणाऱ्याला ही सोयच आहे. पांढरा फेव्हिकॉलही मुळात याच बाजूचा. तो पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे बारीक कण पाण्यात तरंगवून केलेला असतो. पाणी लाकडात मुरलं आणि हवेत उडालं की कण एकमेकांना चिकटतात, बस्स. नवी रासायनिक गाठ पडत नाही. म्हणून मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली, सतत भार असलेल्या सांध्यात तो हळूहळू सरकतो.

यूएफ मात्र उकडलेल्या अंड्यासारखं आहे. अंडं एकदा उकडलं की पुन्हा तापवून पातळ होत नाही. रेझिन प्रेसमध्ये, म्हणजे थर तापवून दाबणाऱ्या यंत्रात, शिजतं तेव्हा त्याचे लांब रेणू एकमेकांना आडवे-उभे बांधले जातात आणि सगळ्याचं मिळून एकच जाळं होतं. आणखी तापवलं तर ते वितळत नाही, पिवळं पडतं, मग करपतं. अशा पदार्थांना थर्मोसेटिंग म्हणतात. भिंतीवरची पांढरी कडक बटणं आणि सॉकेट अनेकदा यूएफचीच असतात. जुन्या काळची काळी-तपकिरी बटणं आणि कुकरचा दांडा हे फिनॉल-फॉर्मल्डिहाइड (थोडक्यात फिनॉलिक), म्हणजे बेकेलाइट. लिओ बेकलंड यांनी ते 1907 मध्ये केलं.

बटण हातात घेतलं की यूएफचे गुण दिसतात. रंग नाही, त्यामुळे हवा तो रंग घेता येतो. पृष्ठभाग टणक, नखानं ओरखडा उठत नाही. घनता पाण्याच्या दीडपट. वीज वाहत नाही. पण वाकत नाही. जमिनीवर आपटलं की टवका उडतो. तुटण्याआधी ते एक टक्कासुद्धा ताणलं जात नाही. प्लायमधली गोंदाची रेघही अशीच काचेसारखी असते. साध्या पोलादी पात्याच्या रंध्यानं प्लायची कड मारली की धार लगेच जाते आणि करवतीला कार्बाइडचे दात लागतात, ते यामुळेच.

हा ठिसूळपणा सांध्यात कुठे नडतो हे आधीच सांगून टाकलेलं बरं. रेघ साधारण 0.1 मिमी जाडीची असेल तोवर यूएफ उत्तम. सांध्यात फट राहिली आणि ती गोंदानं भरली, तर पाणी निघून जाताना गोंद आकसतो, त्यात केसासारख्या भेगा पडतात आणि नंतर तो पिठासारखा भुरभुरतो. फेव्हिकॉल ढिल्या कूस-सालीला (खाचेत खुंटी बसवलेल्या सांध्याला) थोडंफार सांभाळून घेतो, यूएफ अजिबात घेत नाही.

रेझिन शिजतं कसं

युरियाच्या रेणूला दोन अमिनो हात आहेत आणि दोन्ही मिळून चार हायड्रोजन. फॉर्मल्डिहाइड दोन टोकांना पकडू शकतं. एकानं एका युरियाला धरायचं, दुसऱ्या टोकानं शेजारच्याला, अशी साखळी वाढत जाते.

रिॲक्टरमध्ये आधी फॉर्मेलिन घेतात, म्हणजे 37 टक्के फॉर्मल्डिहाइडचं पाणी. 60 किलो युरियाला 162 किलो फॉर्मेलिन घेतलं तर एका युरियाला दोन फॉर्मल्डिहाइड असं रेणूंचं प्रमाण पडतं. कॉस्टिक सोड्यानं पीएच 8 च्या आसपास आणून तापमान 90 अंशांपर्यंत नेतात. या टप्प्यावर फॉर्मल्डिहाइड युरियाला नुसतं चिकटतं, साखळी होत नाही. मग फॉर्मिक ॲसिड थेंबाथेंबानं घालून पीएच 5 च्या खाली आणतात, आणि खरी गंमत इथून. साखळ्या वाढायला लागतात, द्रव दाट होतो, आणि कुठे थांबायचं हे बघत बसावं लागतं.

हे थांबणं गुऱ्हाळ पाहिलेल्या कुणालाही लगेच कळेल. काहिलीत रस आटत आला की गुळव्या थोडा पाक थंड पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळते का बघतो आणि मग काहिल उतरवायला सांगतो. रिॲक्टरजवळचा माणूसही रेझिनचा एक थेंब ग्लासभर पाण्यात सोडतो. सुरुवातीला थेंब विरघळून जातो. थोड्या वेळानं त्याच्यामागे धुरासारखी पांढरी रेघ उमटते. ती रेघ म्हणजे साखळ्या आता पाण्यात न विरघळण्याइतक्या लांब झाल्या. लगेच कॉस्टिक घालून पीएच पुन्हा वर आणायचा आणि गार करायला लागायचं. गुळव्याला उशीर झाला तर गूळ कडक होतो, जरा कमी दरानं का होईना विकला जातो. इथे काही मिनिटांचा उशीर झाला तर सगळा रिॲक्टर आतल्या आत थिजतो आणि छिन्नी-हातोड्यानं फोडून काढावा लागतो.

उतरवण्याआधी दुसऱ्यांदा युरिया घालतात. वरच्या हिशोबात आणखी 40 किलो घातला की एकूण युरिया 100 किलो होतो आणि प्रमाण दोनवरून 1.2 वर येतं. हा युरिया मोकळं उरलेलं फॉर्मल्डिहाइड पकडून ठेवतो. प्लायच्या द्रव रेझिनमध्ये साधारण अर्धा माल घन आणि अर्धं पाणी असतं. बोर्डाच्या रेझिनमध्ये घन 60 ते 65 टक्के. हे तपासणं अवघड नाही. फॉइलच्या वाटीत 2 ग्रॅम रेझिन घ्यायचं, 105 अंशांच्या ओव्हनमध्ये 3 तास ठेवायचं आणि वजन करायचं. 1 ग्रॅम उरलं तर 50 टक्के. ड्रममागे दर कमी दिसतो तेव्हा आधी हेच बघावं. कित्येकदा स्वस्त रेझिन म्हणजे जास्त पाणी असतं.

ड्रममधून येतं ते अर्धकच्चं असतं, हे विसरायचं नाही. ते सावकाश का होईना शिजतच असतं. 25 अंशांना महिना-दोन महिने टिकणारं रेझिन एप्रिलमध्ये उन्हातल्या शेडमध्ये काही आठवड्यांत दाट होतं. साधा हिशोब असा, की दर 10 अंशांना रासायनिक क्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो. दाट झालेल्या रेझिनमध्ये पाणी ओतून ते पातळ दिसेल, पण वाढलेल्या साखळ्या परत आखूड होत नाहीत. लाकडात मुरायला त्या आता फार मोठ्या असतात. तारा सुटायला लागल्या की तो ड्रम संपला.

नवसागर आणि हेक्झामाइन

यूएफ आम्लात शिजतं. पण थेट ॲसिड घातलं तर बादलीतच थिजेल. म्हणून नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड. कल्हईवाला भांड्यात टाकतो तोच. नवसागर रेझिनमधल्या मोकळ्या फॉर्मल्डिहाइडशी जुळतो, त्यातून हेक्झामाइन तयार होतं आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड सुटतं. गार असताना हे सावकाश होतं, प्रेसच्या उष्णतेत झपाट्यानं. म्हणजे बादलीत वेळ मिळतो आणि प्रेसमध्ये वेळ वाचतो.

कोल्हापुरात उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम करणाऱ्यांना हेक्झामाइन हे नाव ओळखीचं असेल. शेल मोल्डिंगच्या (वाळूच्या पातळ कवचाचा साचा करण्याच्या) वाळूवर फिनॉलिक रेझिनचा लेप असतो आणि त्यात हेक्झामाइन मिसळलेलं असतं. तापलेल्या पॅटर्नवर वाळू पडली की ते फुटतं, फिनॉलिकला हवं असलेलं फॉर्मल्डिहाइडच्या जातीचं बंधन पुरवतं आणि कवच कडक होतं. प्लायच्या गोंदात हेक्झामाइन बनतं, फाउंड्रीत ते मोडतं. घराणं एकच.

प्लायसाठी गोंद कालवण्याचं एक चालणारं प्रमाण असं: द्रव रेझिन 100 किलो, मैदा 10 ते 15 किलो, नवसागर अर्धा ते एक किलो, तो आधी दोन-तीन लिटर पाण्यात विरघळवून. उन्हाळ्यात वेळ वाढवायला थोडं लिकर अमोनिया, म्हणजे अमोनियाचं पाणी. क्रम महत्त्वाचा. आधी निम्म्या रेझिनमध्ये मैदा फेटून गुठळ्या मोडायच्या, मग उरलेलं रेझिन, आणि नवसागराचं पाणी अगदी शेवटी. मैदा स्वस्ताईसाठी घालतात असा समज आहे. तो अर्धाच खरा. मैद्यानं गोंदाला अंग येतं, तो सच्छिद्र पत्र्यात, म्हणजे प्लायच्या लाकडी थरात, सगळाच्या सगळा शोषला जात नाही, आणि 0.5 मिमीच्या सागाच्या व्हिनियरमधून वर फुटून डाग पाडत नाही. पण मैदा 25-30 किलोवर नेला की पाणी सोसण्याची ताकद घसरते, बुरशी आणि किड्यांची सोय होते ती वेगळीच.

कालवलेला गोंद 30 अंशांना दोन-तीन तास चालतो. 38 अंशांच्या दुपारी त्याच्या निम्मा वेळ धरायचा. दिवसाच्या सुरुवातीला एक चाचणी करायला पाच मिनिटं लागतात. चाचणीनळीत 5-10 ग्रॅम कालवलेला गोंद घ्या, नळी उकळत्या पाण्यात धरा, बारीक तारेनं सतत ढवळा आणि घड्याळ लावा. गोंद आधी आणखी पातळ होतो, मग तार जड लागते, मग एका क्षणात तारेला सगळा गोळा धरतो. साधारण एक ते दीड मिनिट लागलं तर ठीक. तीन मिनिटं लागत असतील तर नवसागर कमी पडलाय किंवा रेझिनमध्ये मोकळं फॉर्मल्डिहाइडच फार थोडं आहे. हा नंतरचा प्रकार कमी वासाच्या रेझिनमध्ये हमखास होतो, कारण नवसागराला ॲसिड सोडायला तेच लागतं. अशा वेळी नवसागर दुप्पट करायचा मोह होतो. करू नये. जास्तीचं ॲसिड शिजल्यानंतरही रेघेतच राहतं आणि पुढची काही वर्षं गोंद आणि लाकडाचे तंतू दोन्ही कुरतडत बसतं. प्रेसचा वेळ वाढवणं महाग वाटतं, पण योग्य तेच.

प्रेस: काटा कुणाचा दाब दाखवतो?

पत्र्यावर एका रेघेला साधारण 150 ते 200 ग्रॅम प्रति चौरस मीटर गोंद, प्रेसचं तापमान 105 ते 110 अंश, बोर्डावर दाब चौरस सेंटिमीटरला 10 किलोच्या आसपास, आणि वेळ ढोबळ मानानं जाडीच्या दर मिलिमीटरला एक मिनिट. लाकूड उष्णतेचं वाहक म्हणून फार मंद. बाहेरच्या रेघा शिजून दहा मिनिटं झाली तरी 19 मिमी बोर्डाची मधली रेघ अजून तापतच असते. घाई केली की बोर्ड बाहेरून बघायला छान आणि पोटात कच्चा. हा कच्चेपणा जूनपर्यंत कळत नाही.

दाबाची एक चूक मात्र फार ठिकाणी होते. प्रेसवरचा काटा दाखवतो तो तेलाचा दाब, बोर्डावरचा नव्हे. 8 बाय 4 फुटी बोर्डाचं क्षेत्रफळ सुमारे 29,770 चौरस सेंटिमीटर. त्यावर 10 किलोचा दाब हवा तर सुमारे 298 टन लागतात. प्रेसला 30 सेंमी व्यासाचे दोन रॅम (तेलाच्या दाबानं सरकणारे दट्टे) असतील तर त्यांचं क्षेत्रफळ मिळून 1,414 चौरस सेंटिमीटर, म्हणजे काटा 210 वर हवा. आता त्याच प्रेसमध्ये 7 बाय 3 फुटी बोर्ड घातला आणि काटा 210 वरच ठेवला, तर बोर्डावर 15 किलोपेक्षा जास्त दाब बसतो. गोंद कडेनं बाहेर येतो, मऊ पत्रा चेपतो आणि सांधा उपाशी राहतो. त्या मापाला काटा 138 वर हवा. प्रत्येक मापाचा आकडा खडूनं प्रेसच्या खांबावर लिहून ठेवला की काम झालं.

कोल्हापूरच्या हवेत सगळ्यात जास्त खोड्या करते ती ओल. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता 85-90 टक्क्यांवर असते तेव्हा उघड्यावर ठेवलेलं लाकूड 18 टक्क्यांच्या आसपास ओल धरून बसतं. यूएफच्या हॉट प्रेसला पत्रा 6 ते 8 टक्क्यांचा हवा. ओला पत्रा प्रेसमध्ये गेला की पाण्याची वाफ होते, ती दाबाखाली कोंडून राहते आणि प्रेस उघडताक्षणी ‘फट्’ असा आवाज येऊन बोर्डाच्या मध्यावर फुगा येतो. हात फिरवला तर कळतो, बोटानं ठोकला तर पोकळ वाजतो. फुगा आला की गोंदाला शिव्या घालण्याआधी मॉइश्चर मीटर लावून बघावा. शिवाय दाब एकदम सोडायचा नाही. शेवटच्या मिनिट-दीड मिनिटात टप्प्याटप्प्यानं उतरवला की वाफेला कडेनं निघायला वाट मिळते.

याच्या उलट दोष उन्हाळ्यात दिसतो. गोंद लावून चवड रचली, वीज गेली, अर्धा-पाऊण तास गेला. गोंद वरून कोरडा झाला आणि मग प्रेस. किंवा बोर्ड गरम प्लेटवर ठेवला आणि दाब यायला उशीर झाला. दाब येण्याआधीच रेघ शिजली की ती समोरच्या पत्र्याला धरतच नाही. उचकटून बघितलं तर एका बाजूला गुळगुळीत, चकचकीत गोंद आणि समोर कोरं लाकूड. चांगल्या सांध्यात दोन्ही बाजूंना तंतू ओढून आलेले दिसतात. हे पटाशीचं निदान यंत्राशिवाय होतं आणि सहसा चुकत नाही.

सागाबद्दल एक वेगळी सूचना. त्यात तेलकट द्रव्यं असतात आणि रंधा मारल्यावर ती हळूहळू वर येतात. चार दिवसांपूर्वी रंधून ठेवलेल्या सागावर गोंद नीट पसरत नाही. त्याच दिवशी हलकं घासून, धूळ पुसून गोंद लावायचा.

पाण्याची बाजू

शिजलेल्या यूएफमधल्या गाठी कार्बन आणि नायट्रोजनमधल्या आहेत. त्या जुळताना पाणी बाहेर पडतं, आणि पाणी परत मिळालं की त्या उलट सुटू शकतात. ऊब असेल तर लवकर, ॲसिड शिल्लक असेल तर आणखी लवकर. म्हणजे ज्या नवसागरानं गोंद शिजवला त्याचंच उरलेलं ॲसिड पुढे गोंद उसवायला मदत करतं. फिनॉलिकमध्ये कड्यांना जोडणारे पूल कार्बन-कार्बनचे असतात, पाणी त्यांना हात लावू शकत नाही. त्या बदल्यात फिनॉलिकला प्रेस 135 ते 145 अंशांवर न्यावा लागतो, पत्रा आणखी कोरडा लागतो आणि रेझिनही महाग. मधली वाट मेलामाइनची. त्याच्या रेणूला तीन अमिनो हात आणि स्थिर कडं आहे. यूएफमध्ये मेलामाइन मिसळलं की पाणी सोसण्याची ताकद बरीच वाढते. सनमायकाचा तुकडा उलटा करून बघा: वरचा टणक पारदर्शक थर मेलामाइनचा, मागचा तपकिरी कागद फिनॉलिकमध्ये भिजवलेला.

पण पाण्यात प्लाय सुटतं ते नुसत्या रसायनानं नाही. लाकूड ओलं झालं की रेषांच्या आडव्या दिशेनं कित्येक टक्के फुगतं, लांबीच्या दिशेनं जवळजवळ नाहीच. प्लायमध्ये एक पत्रा उभा, एक आडवा. दोघे वेगवेगळ्या दिशांना ओढतात आणि ती सगळी ओढाताण मधल्या काचेसारख्या रेघेवर येते. म्हणून एकदाच भिजण्यापेक्षा भिजणं-सुकणं-भिजणं जास्त घातक.

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका. 2019 आणि 2021 च्या महापुरात पाणी धोक्याच्या रेषेच्या कितीतरी वर गेलं आणि घराघरांतलं फर्निचर दिवसचे दिवस पाण्यात राहिलं. अशा वेळी पार्टिकल बोर्ड वाचत नाही. त्याचा चुरा फुगतो आणि गोंदाचे ठिपके त्याला परत खेचून आणू शकत नाहीत. एमआर प्लाय मात्र गार पाण्यात दोन-तीन दिवस निभावून जाऊ शकतं. पाणी ओसरल्यावर तेच कडक उन्हात ठेवलं की वरचा पत्रा आधी सुकून आकसतो, आतला ओलाच असतो आणि मग थर उघडतात. सावलीत, वारा लागेल असं, खाली पट्ट्या देऊन आणि वर वजन ठेवून सावकाश सुकवलं तर काही दारं-शटर हाती लागतात. सुकल्यावर कडांना पटाशीची धार हलकेच घालून बघा. आत जाते तिथे सांधा गेला.

शिक्क्यांचा अर्थ इथे लागतो. आयएस 303 या भारतीय मानकात एमआर आणि बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट) हे दोन प्रकार, आयएस 710 मरीन प्लायसाठी, ज्याला बाजारात बीडब्ल्यूपी (बॉइलिंग वॉटर प्रूफ) म्हणतात. एमआरची परीक्षा 60 अंशांच्या पाण्यात तीन तास. बीडब्ल्यूआरला आठ तास उकळवणं. बीडब्ल्यूपीला 72 तास उकळत्या पाण्यात. एमआर म्हणजे ‘मॉइश्चर रेझिस्टंट’, दमट हवेला टिकणारं. त्याचा ‘वॉटरप्रूफ’ असा अर्थ विक्रेता सांगत असेल तर तो चुकीचं सांगतोय. हॉलमधल्या टीव्ही युनिटला, पलंगाच्या फळीला एमआर पुरतं आणि तिथे मरीनचे पैसे घालवण्यात अर्थ नाही. किचन ट्रॉली, सिंकखालचं खण, बाथरूमचं दार, नदीकाठच्या पेठांतलं तळमजल्याचं फर्निचर, इथे एमआर नकोच.

उसाच्या चिपाडापासून केलेले पार्टिकल बोर्डही आपल्या भागात ओळखीचे आहेत. त्यात चुऱ्याच्या वजनाच्या साधारण 8 ते 10 टक्के यूएफ असतं. चिपाडातला मऊ गर आधी चाळून काढावा लागतो. तो स्पंजासारखा रेझिन पितो आणि ताकद काहीच देत नाही. असा बोर्ड वापरायचा असेल तर कापलेल्या चारही कडांना एजबँड (कड झाकणारी पट्टी) हवी, खालच्या कडेलासुद्धा. सुतार दिसणाऱ्या बाजूला पट्टी लावतो आणि जमिनीकडची कड उघडी सोडतो. फरशी पुसायचं पाणी नेमकं तिथूनच चढतं.

वास

नवं कपाट उघडल्यावर डोळे चुरचुरतात ते फॉर्मल्डिहाइडमुळे. काही मोकळं उरलेलं असतं आणि काही वर सांगितलेल्या उलट्या क्रियेनं सुटत राहतं, म्हणून दमट उबदार दिवसात वास जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं फॉर्मल्डिहाइडला 2004 मध्ये माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. बोर्डावर ‘ई1’ असेल तर 100 ग्रॅम बोर्डातून निघणारं फॉर्मल्डिहाइड 8 मिलिग्रॅमच्या आत असतं, ‘ई2’ मध्ये 30 पर्यंत. मुलांच्या खोलीला, बंद एसीच्या खोलीला ई1 च घ्यावा. उघड्या कडा आणि आतल्या बाजूंनाही लॅमिनेट किंवा सीलर द्यावा, आणि पहिले काही आठवडे खणं उघडी, खिडक्या उघड्या. कापूर किंवा अगरबत्तीनं वास झाकला जातो, फॉर्मल्डिहाइड कमी होत नाही.

लहान वर्कशॉपमध्ये

हॉट प्रेस नसलेल्यांसाठी यूएफ पावडरमध्ये मिळतं, हार्डनर आतच मिसळलेला. वजनानं दोन भाग पावडरला साधारण एक भाग पाणी, पण पाकिटावरचं प्रमाण पाळावं. सगळं पाणी एकदम ओतलं तर गुठळ्या मोडत नाहीत. आधी थोड्या पाण्यात पिठल्याला कालवतो तशी घट्ट खळ करायची, मग उरलेलं पाणी. दहा मिनिटं मुरू द्यायचं. प्लास्टिकचं भांडं, लाकडी काडी. लोखंडी डबा नको, कारण आम्लामुळे लोखंड उतरतं आणि साग-बाभळीच्या टॅनिनशी जुळून काळे डाग पडतात. सांधा घट्ट बसलेला हवा. शिकंजे 25-30 अंशांना पाच-सहा तास, आणि पूर्ण ताकदीला आठवडाभर. डिसेंबरच्या पहाटे तापमान 15 अंशांवर आलं असेल तर काम दुपारवर ढकलायचं. फुटलेलं पाकीट हवेतली ओल ओढून घेतं. पावडरीचे खडे झाले असतील तर ती चाळून वापरायची नसते, टाकायची असते.

आणि मोठी खरेदी असेल तर शेवटी एक तुकडा उकळून बघाच. दुकानातून नमुन्याचा दोन इंची चौकोनी तुकडा मागून घ्या, कड घासून रेघा बघा. फिनॉलिकची रेघ लालसर-काळपट, यूएफची फिकी. पण रंग गोंदात घालताही येतो, म्हणून रंगावर भरवसा नको. जुन्या पातेल्यात, स्वयंपाकघराबाहेर, तुकडा बुडेल असं पाणी ठेवून उकळत ठेवा. झाकण लावा, आटेल तसं गरम पाणीच भरत राहा. एमआर असेल तर काही तासांतच कडेचे थर उघडायला लागतात. बीडब्ल्यूआर म्हणून विकलेलं असेल तर आठ तासांनी बाहेर काढून गार होऊ द्या आणि चारही कडांना नखानं दाबून बघा. एखादा कोपरा वर वाकला तरी रेघ जुळलेली असेल तर चालेल. नख आत शिरलं तर ऑर्डर देऊ नका.